टपालाच्या पोत्यांशेजारी प्रवाशाची खुर्ची: जे. आर. डी. टाटांची हवाई वाट

आज इंदूरहून मुंबईला विमानाने जाणं म्हणजे फार मोठी गोष्ट राहिलेली नाही. हैदराबाद, गोवा, ग्वाल्हेर, बेळगाव, कुठूनही सकाळी निघालं की दुपारी दुसऱ्या राज्यात. पण प्रवासी विमान ही आपल्याकडे सुरुवातीला चक्क टपालाची जोडसेवा होती. आधी पोस्टाची पोती चढायची आणि जागा उरली तर माणूस. ही वाट ज्यांनी पाडली ते जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजे आपले जेआरडी.

जन्म २९ जुलै १९०४, पॅरिसचा. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. शिक्षण थोडं पॅरिसला, थोडं मुंबईत, थोडं जपानमध्ये योकोहामाला. त्यामुळे एका गावाचा असा हा मुलगा कधी नव्हताच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर आर्देलो इथे कुटुंब सुट्टीला जायचं. विमानातून इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे लुई ब्लेरिओ तिथले शेजारी. वाळूवर विमान उतरताना बघून पोराच्या डोक्यात जे भरलं, ते शेवटपर्यंत निघालं नाही. पंधराव्या वर्षी विमानात बसून एक फेरी मारली आणि मग दहा वर्षं वाट बघितली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना, क्रमांक १.

मग आगाखानांनी बक्षीस लावलं. भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने उडून पार करायचं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर नावाचा तरुण इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबूकीरला दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडला होता. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले. शर्यत अस्पीने जिंकली, तीही थोड्याच तासांच्या फरकाने. हाच अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

धंद्याची कल्पना मात्र आणली नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या वैमानिकाने. लंडनचं टपाल विमानाने कराचीपर्यंत यायचं आणि तिथून पुढे आगगाडीने रेंगाळत मुंबई-मद्रासला. हा तुकडा आपण उडवू, असं त्याचं म्हणणं. वयोवृद्ध सर दोराबजी टाटांना ही कल्पना फारशी पटली नव्हती. शेवटी दोन लाख रुपयांच्या भांडवलावर गाडी पुढे गेली. सरकारने अनुदान दिलं नाही. जेवढं टपाल न्याल तेवढेच पैसे.

१५ ऑक्टोबर १९३२. एका इंजिनाचं छोटं पस मॉथ विमान घेऊन जेआरडी कराचीहून एकटेच निघाले. अहमदाबादला उतरले तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी जुहूला पोचले. तिथून टपाल घेऊन व्हिन्सेंट बळ्ळारीमार्गे मद्रासला गेला. ना रेडिओ, ना धावपट्टी. जुहूचा तळ म्हणजे समुद्राकाठची चिखलवट, पावसाळ्यात पाण्याखाली जायची. मग चार महिने सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. तरी वेळ चुकवायची नाही, हा हट्ट. पहिल्या वर्षी विमानं सुमारे १ लाख ६० हजार मैल उडाली. प्रवासी किती? अवघे १५५.

मग वाटा फुटत गेल्या. मद्रासच्या रस्त्यावर हैदराबाद आलं. १९३५ मध्ये मुंबईहून गोवा, कन्नूर करत त्रिवेंद्रमपर्यंत सेवा सुरू झाली. १९३७ मध्ये मुंबई, इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर, दिल्ली. जरा नकाशा डोळ्यासमोर आणा. गोव्यात पोर्तुगीज, हैदराबादेत निजाम, इंदुरात होळकर, ग्वाल्हेरात शिंदे. खाली इतक्या हद्दी, पण वरून एकच वाट. आपल्यासारख्या हद्दीवरच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको.

१९४२ च्या युद्धात व्हिन्सेंट गेला. हा घाव जेआरडींना फार लागला. युद्धानंतर १९४६ मध्ये कंपनीचं नाव एअर इंडिया झालं. ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. स्वतंत्र होऊन वर्षही न झालेल्या देशाचं विमान युरोपात वेळेवर उतरलं.

१९५३ मध्ये सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. जेआरडींचा या निर्णयाला विरोध होता आणि आपल्याला आधी विचारलंही नाही, याचं दुःख त्याहून मोठं. दुसरा कुणी रुसून घरी बसला असता. त्यांनी मात्र सरकारी एअर इंडियाचं अध्यक्षपद घेतलं, तेही बिनपगारी, आणि २५ वर्षं सांभाळलं. प्रवासाला निघाले की वही काढायची. पडदा मळका, चहा आणि कॉफी एकाच रंगाची, खुर्ची नीट मागे जात नाही, सगळं टिपून अधिकाऱ्यांकडे धाडायचं. मालकी गेली होती, काळजी गेली नव्हती.

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. महिन्याभरात मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना पदावरून काढलं. बातमी आधी कळली, अधिकृत पत्र मागाहून आलं. त्या वेळी ते ७३ वर्षांचे होते.

त्यानंतर चार वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली. ७८ वर्षांचे जेआरडी एका जुन्या लेपर्ड मॉथमध्ये बसले आणि कराची ते मुंबई पुन्हा एकटे उडाले. या पन्नास वर्षांत कराची दुसऱ्या देशात गेली होती आणि कंपनी त्यांची राहिली नव्हती. पण वाट तीच होती आणि शेवटी उतरायचं होतं ते जुहूलाच.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात ते गेले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली, ते बघायला जेआरडी नव्हते. आता विमानात बसाल तेव्हा चहाचा रंग जरा बघा. तो चहासारखा असावा, म्हणून या माणसाने पानंच्या पानं लिहिली होती.