बाबा आमटे यांचा कणा

खुर्ची समोर असूनही बसता येत नाही, अशी अवस्था बाबा आमटे यांनी अनेक वर्षे सोसली. मान आणि कंबर या दोन्ही ठिकाणचे मणके झिजले होते. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे, एवढेच त्यांच्या हाती उरले होते. तरीही त्यांच्या कामाचा मोठा भाग याच काळातला आहे.

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाटला झाला. घरची जमीनदारी आणि वरोऱ्यातील वकिली सोडून ते अंगमेहनतीकडे वळले. सफाई कामगारांचे जिणे समजावे म्हणून त्यांनी मैल्याची टोपली डोक्यावर वाहिली. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. त्यानंतर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर साधनाताई आणि सहा कुष्ठरुग्णांसह त्यांनी आनंदवन उभे केले. विहीर खोदणे, दगड फोडणे ही रोजची कामे होती.

मात्र केवळ कष्टामुळे मणके झिजले, असे म्हणता येत नाही. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. वयाबरोबर तिच्यातले पाणी कमी होते, ती चपटी होते आणि तिला चिरा पडतात. आनुवंशिकता, तंबाखू, वाढलेले वजन, सतत वाकून केलेले काम, या साऱ्यांचा त्यात वाटा असतो. गादी बाहेर सरकून नस दाबली गेली, की कळ कुल्ल्यातून पायात उतरते. बसल्यावर, त्यातही पुढे वाकून बसल्यावर, कमरेच्या गादीवर उभे राहण्यापेक्षा जास्त दाब येतो. आडवे झाल्यावर तो सर्वांत कमी होतो. स्वीडनचे अल्फ नाचेमसन यांनी १९६०च्या दशकात हा दाब प्रत्यक्ष मोजला होता. बसणे अनेक रुग्णांना का सोसत नाही, हे त्यावरून समजते.

बाबांवर शस्त्रक्रिया झाल्या, कमरेला पट्टा आला. सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये, ते कन्याकुमारीहून भारत जोडो यात्रेला निघाले. तरुण सायकलींवर होते आणि बाबा गाडीत आडवे पडून. सभेची वेळ झाली की ते उभे राहून बोलत. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. दुखणे सोबत होतेच; त्यांनी दिनक्रम दुखण्याला जुळवून घेतला, काम थांबवले नाही.

दर्यापूरच्या काळ्या जमिनीत निंदण आणि कापूस वेचणी करणाऱ्यांना हे उपयोगाचे आहे. दिवसभर ओणवे राहण्याऐवजी अधूनमधून सरळ उभे राहावे, चार पावले चालावे. कापसाचे गाठोडे गुडघे वाकवून, अंगाजवळ धरून, शक्यतो दोघांनी उचलावे. कंबर धरली म्हणून आठवडाभर खाटेवर पडून राहू नये. एक-दोन दिवसांनंतर हळूहळू चालणे सुरू करावे. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. शेक, डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम हाच पहिला उपचार. पट्टा महिनोन्‌महिने बांधून ठेवला तर कमरेचे स्नायू दुबळे होतात. तंबाखू सोडावी.

एमआरआयमध्ये मणक्यात गॅप दिसला, म्हणून लगेच घाबरू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार कसलेही दुखणे नसलेल्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे ८० टक्के लोकांच्या गादीत झीज दिसते. शस्त्रक्रियेचा विचार प्रामुख्याने नस दबून पायाची ताकद जात असेल किंवा पायातली कळ उपचारांनी हटत नसेल, तेव्हा होतो.

काही लक्षणांत मात्र थांबू नये. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. ताप, घटणारे वजन आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षयरोग किंवा कर्करोग नाही ना, हे तपासून घ्यावे.

बाबांचे निधन ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात झाले. आजार रक्ताच्या कर्करोगाचा होता. तेव्हा ते ९३ वर्षांचे होते. झिजलेल्या कण्याने त्यांचे बसणे हिरावले होते, आयुष्य नव्हे.