विश्लेषण : कर्ज काढून शहराचा गॅस आणि पाणी विकत घेणारे महापौर, कोण होते जोसेफ चेंबरलेन?

महापालिकेने कर्ज काढावे का, किती काढावे आणि ते कशातून फेडावे, हा वाद आपल्याकडे प्रत्येक अर्थसंकल्पाच्या वेळी रंगतो. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील बर्मिंगहॅममध्ये हाच वाद एका स्क्रू-कारखानदाराने असा काही निकाली काढला, की पुढे इतर शहरेही त्या वाटेने गेली. साम्राज्यवादी मंत्री म्हणून गाजलेल्या जोसेफ चेंबरलेन यांच्या आयुष्यातील महापौरपदाची ही जेमतेम अडीच-तीन वर्षे.

कारखानदार नगरपालिकेत कसे आले?

चेंबरलेन मूळचे लंडनचे. जन्म 8 जुलै 1836. वडील आणि नेटलफोल्ड हे नातेवाईक यांनी मिळून बर्मिंगहॅममध्ये लाकडी कामाचे टोकदार स्क्रू तयार करण्याचा कारखाना काढला. वडिलांच्या भांडवलावर लक्ष ठेवायला म्हणून जोसेफना अठराव्या वर्षी तिकडे धाडण्यात आले. हिशेब, विक्री, प्रतिस्पर्ध्याला विकत घेऊन बाजार ताब्यात ठेवणे, हे सगळे ते तिथेच शिकले. 1869 मध्ये ते नगरपालिकेवर निवडून आले आणि नोव्हेंबर 1873 मध्ये महापौर झाले. लगेच पुढच्या वर्षी, अवघ्या 38व्या वर्षी, त्यांनी कारखान्यातील वाटा विकून धंदा सोडला.

तेव्हा बर्मिंगहॅमची लोकसंख्या साडेतीन लाखांच्या घरात होती. नगरपालिकेत मात्र घरपट्टी वाढू न देणे हाच कारभार मानणाऱ्यांचा मोठा गट होता. शहराच्या गरीब वॉर्डातील मृत्युदर एजबास्टनसारख्या सुखवस्तू भागाच्या सुमारे दुप्पट होता आणि त्याचे कोणाला फारसे काही वाटत नव्हते.

गॅस कंपन्या कशासाठी विकत घेतल्या?

शहरात दोन खासगी गॅस कंपन्या होत्या. दोघी आपापले नळ टाकायला रस्ते खणत. (ओळखीचे वाटते ना?) जानेवारी 1874 मध्ये चेंबरलेन यांनी दोन्ही कंपन्या विकत घेण्याचा ठराव मांडला. किंमत जवळपास 20 लाख पौंड. एवढा बोजा करदात्यांवर का, असा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होते. त्यांचे उत्तर व्यापाऱ्याचे होते. हा धंदा मला स्वतःला चालवायला दिलात, तर नगरपालिकेला दरवर्षी ठरावीक रक्कम देऊनही मी श्रीमंत होईन, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. ठराव 54 विरुद्ध 2 मतांनी मंजूर झाला. त्यासाठी संसदेत स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला आणि 1875 मध्ये गॅस शहराच्या मालकीचा झाला. पहिल्याच वर्षी सुमारे 34 हजार पौंड नफा झाला. तो अंदाजाच्या दुपटीहून जास्त होता.

मग पाण्यातूनही नफा कमावला का?

नाही, आणि चेंबरलेन यांच्या विचाराचा गाभा इथेच आहे. गॅस ही सोय आहे. ज्याला परवडते तो घेतो, म्हणून त्यातला नफा शहराच्या कामी लावायला हरकत नाही. पाणी मात्र प्रत्येकाला लागतेच, म्हणून त्यावर नफा नको आणि जे उरेल ते पाणीपट्टी कमी करण्यासाठी वापरावे, अशी त्यांची सरळ विभागणी होती.

परिस्थितीही तशीच होती. निम्मे शहर विहिरींवर जगत होते आणि त्यातल्या कित्येक विहिरींत सांडपाणी झिरपत होते. नळाचे पाणी आठवड्यातून तीन दिवस. दिवसाआड पाण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यापेक्षा जास्त सांगायला नको. 1875 मध्ये पाणी कंपनी ताब्यात घेण्याचा कायदा झाला, किंमत साडेतेरा लाख पौंड. सगळी रोकड एकदम मोजण्याऐवजी भागधारकांना दरवर्षी ठरावीक रकमेचे वर्षासन देण्याचा मार्ग त्यात वापरला गेला. याच धामधुमीत, फेब्रुवारी 1875 मध्ये, त्यांची दुसरी पत्नी फ्लॉरेन्स बाळंतपणात वारली. पहिली पत्नी हॅरिएट हीसुद्धा 1863 मध्ये बाळंतपणातच गेली होती. चेंबरलेन यांनी कामात स्वतःला बुडवून घेतले.

कर्जावर बंधने नव्हती का?

होती. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार स्थानिक संस्थेला त्या कायद्याखालील कर्जासाठी लंडनच्या मंडळाची मंजुरी लागे. शहरातील मालमत्तांच्या दोन वर्षांच्या करपात्र मूल्यापेक्षा जास्त कर्ज काढता येत नसे. एका वर्षाच्या मूल्यापुढे गेले, की निरीक्षक येऊन जाहीर चौकशी करी आणि तिथे कोणीही करदाता हरकत घेऊ शके. फेडीची मुदत जास्तीत जास्त 60 वर्षे. गॅस-पाण्यासारख्या मोठ्या खरेदीसाठी स्वतंत्र कायद्याचा रस्ता होता, तो चेंबरलेन यांनी धरला.

नियमांना वळसा घालण्याची एक मजेदार हकिकत त्यांच्या नंतरची आहे. ग्रंथालय आणि संग्रहालयांवर ठरावीक मर्यादेपलीकडे कर लावता येत नव्हता, त्यामुळे शहराला कलादालन बांधता येईना. अखेर गॅस खात्याने स्वतःची कचेरी बांधली आणि तिच्या वरच्या मजल्यावर कलादालन थाटले. 1885 मध्ये उघडलेले हे दालन आजही बर्मिंगहॅमचे भूषण आहे.

गरिबांच्या पदरात काय पडले?

इथे चेंबरलेन यांच्या चाहत्यांना थोडे थांबावे लागते. 1875 च्या घरबांधणी कायद्याचा आधार घेऊन त्यांनी शहराच्या मध्यातील गलिच्छ वस्त्या पाडून कॉर्पोरेशन स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला. जमीन विकली नाही, 75 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. पुढच्या पिढीच्या हाती मालमत्ता परत यावी, हा हिशेब अचूक होता. पण रस्त्यावर उभ्या राहिल्या त्या दुकाने आणि कचेऱ्यांच्या इमारती. उठवलेल्या कामगारांसाठी नवी घरे फारशी झाली नाहीत. ते शेजारच्या वस्त्यांत दाटीवाटीने जाऊन राहिले. पुनर्विकासाच्या गोष्टीतील हा अध्याय मुंबईकराला नवा नाही.

मुंबईच्या ‘बेस्ट’शी संबंध कोणता?

जून 1876 मध्ये चेंबरलेन खासदार झाले, 1880 मध्ये व्यापार मंडळाचे अध्यक्ष म्हणून मंत्रिमंडळात गेले. 1882 चा वीज-प्रकाश कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. खासगी कंपनीने परवाना घेऊन वीज पुरवावी, पण 21 वर्षांनी स्थानिक संस्थेला ती कंपनी विकत घेण्याचा हक्क असावा, अशी त्यात तरतूद होती. किंमत फक्त यंत्रे-जमिनीची, नावलौकिकाची नाही. गुंतवणूकदार बिचकले. 1888 मध्ये मुदत 42 वर्षांवर न्यावी लागली. इंग्लंड विजेत मागे पडले ते या कायद्यामुळे, असा आरोप तेव्हाही झाला. त्यात अतिशयोक्ती असली तरी 21 वर्षांची अट घाईची होती, एवढे नक्की.

स्थानिक संस्थेचा हा खरेदीहक्क भारतातील वीज कायद्यातही आला. 7 ऑगस्ट 1947 रोजी मुंबई महापालिकेने वीज आणि ट्राम चालवणारी खासगी कंपनी ताब्यात घेतली, ती आजची ‘बेस्ट’.

पुढे काय झाले?

1895 ते 1903 चेंबरलेन वसाहतमंत्री होते. बोअर युद्धाचे खापर बऱ्याच अंशी त्यांच्यावर फुटते आणि ते चुकीचे नाही. जुलै 1906 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, 2 जुलै 1914 रोजी निधन झाले. मुलगा नेव्हिल आधी बर्मिंगहॅमचा महापौर आणि नंतर पंतप्रधान झाला.

वीज आणि गॅस 1940 च्या दशकाअखेर राष्ट्रीयीकरणात शहराच्या हातून गेले, पाणी 1974 मध्ये. इंग्लंडमध्ये आता पाणी पुन्हा खासगी कंपन्यांकडे आहे, मात्र बिल थकले म्हणून घराचे पाणी तोडायला 1999 च्या कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे वीज तोडण्याआधी 2003 च्या वीज कायद्यातील कलम 56 नुसार 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

आणि बर्मिंगहॅम? 5 सप्टेंबर 2023 रोजी तेथील महापालिकेने अत्यावश्यक सोडून सर्व नवा खर्च थांबवत असल्याची नोटीस काढली. समान वेतनाच्या थकीत दाव्यांचा बोजा तिला पेलवला नव्हता. पुढच्याच महिन्यात सरकारने तिथे आयुक्त नेमले.