राखेनंतरचा कुंचला : मेजर रॉबर्ट गिल (1804–1879)

भुसावळ म्हटले की आपल्याला रेल्वेचे जंक्शन आणि केळीच्या बागा आठवतात. याच भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत एक चित्रकार चिरविश्रांती घेत आहे. त्याने आयुष्याची तीसहून अधिक वर्षे आपल्या शेजारच्या डोंगरात घालवली आणि भिंतीवरची जुनी चित्रे कापडावर उतरवून घेतली. त्याचे नाव मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याची लेणी पाहायला गेलेल्या प्रत्येकाने हे नाव कधी ना कधी ऐकलेले असते. त्याचे पुढे काय झाले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

आज त्यांची आठवण करण्याचे कारण आपल्या घराघरांतले आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेली, पुढे कमर्शियल आर्ट किंवा ग्राफिक डिझाइन शिकलेली मुले-मुली आपल्याकडे आहेत. कोणी पुण्या-मुंबईला जाहिरातीच्या कंपनीत आहे, कोणी गावातच लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि दुकानांच्या पाट्या तयार करतो. चार-सहा वर्षे झाली की बहुतेकांपुढे एकच प्रश्न उभा राहतो : हे सोडून द्यावे की धरून ठेवावे? पैसे वेळेवर मिळत नाहीत, रात्र जागून केलेले काम गिऱ्हाईक एका शब्दात नाकारतो आणि आता तर चार ओळी लिहून दिल्या की संगणकच चित्र काढून देतो. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, चित्रांनी का कुठे पोट भरते? या प्रश्नाला तयार उत्तर नाही. पण याच प्रश्नापुढे फार कठीण वेळी उभा राहिलेला एक माणूस आपल्याच भागात होऊन गेला, हे आपल्या तरुणांना माहीत असावे.

रॉबर्ट गिल यांचा जन्म 1804 साली झाला. ऐन तारुण्यात ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाले. त्या काळी फौजी अधिकाऱ्याला नकाशे आणि रेखाटने काढता येणे उपयोगाचे समजले जाई. गिल यांचा हात मात्र नकाशापुरता नव्हता. ते खरोखरच चित्रकार होते.

इकडे 1819 साली मद्रास फौजेचाच जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीला आला असताना वाघूर नदीच्या दरीत त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. परिसरातल्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होतीच, पण बाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता तेव्हा लागला. घोड्याच्या नालेसारख्या वळणावर कातळात खोदलेल्या या लेण्यांच्या भिंतींवर आणि छतांवर दीड हजार वर्षांपूर्वीची चित्रे होती. राजे, राण्या, नोकरचाकर, हत्ती, हरणे, कमळाच्या वेली असे सारे जगच तिथे रंगवलेले होते. पण ओल, वटवाघळे, धूर आणि चित्रांचे तुकडे खरवडून नेणारे पाहुणे यांमुळे ते रंग दरवर्षी झडत होते. लेण्यांचा अभ्यास करणाऱ्या जेम्स फर्ग्युसन यांनी 1843 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या लेण्यांविषयी निबंध वाचला. चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह सोसायटीने धरला. कंपनीने तो मान्य केला आणि 1844 साली हे काम रॉबर्ट गिल यांच्याकडे आले. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे काम धरताना गिल यांनी दुसरे काहीतरी सोडले. पलटणीतले नेहमीचे जीवन, सोबतचे अधिकारी, छावणीतल्या ओळखीपाळखी या सर्वांपासून ते दूर गेले. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात होता. घाट उतरला की खाली कंपनी सरकारचा खानदेश. हिंदुस्थानात अजून रेल्वेच सुरू व्हायची होती. ती आली 1853 साली. ज्या दरीत आज जळगावहून बसने दीड-दोन तासांत पोहोचता येते, तिथे तेव्हा दाट रान होते, वाघांचा वावर होता आणि पावसाळ्यानंतर तापाची साथ ठरलेली असे. अजिंठा गावातल्या बारादरीत गिल यांनी मुक्काम केला आणि कामाला सुरुवात केली.

काम कसे होते, तेही पाहू. लेण्यांत आत खोलवर उजेड फारसा पोहोचत नाही. भिंतीवरच्या आकृती कुठे काळवंडलेल्या, कुठे गिलाव्यासह गळून पडलेल्या. त्या मापाने पाहायच्या, रेषा जुळवायच्या, रंग जुळवायचा आणि मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात उतरवायच्या. यात चित्रकाराला स्वतःचे काही भर घालण्याची मुभा नव्हती. दीड हजार वर्षांपूर्वीच्या, नावही न ठेवून गेलेल्या कारागिरांची रेषा जशी आहे तशी जपणे हेच काम होते. जवळजवळ दोन दशकांत पंचवीसहून थोडी अधिक मोठी चित्रे पूर्ण झाली. म्हणजे सरासरी वर्षाला एक, फार तर दीड.

गिल यांच्या खासगी आयुष्याबद्दल महाराष्ट्रात बरेच बोलले जाते. ना. धों. महानोर यांच्या 'अजिंठा' या दीर्घकाव्यामुळे आणि 2012 साली आलेल्या त्याच नावाच्या चित्रपटामुळे पारोचे नाव घरोघरी पोहोचले. पारो ही इथलीच मुलगी. 23 मे 1856 रोजी तिचा मृत्यू झाला आणि अजिंठा गावात गिल यांनी तिची समाधी बांधली. ती आजही तिथे आहे. गिल यांना पत्नी आणि मुलेही होती. तेव्हा त्यांचे जीवन आदर्श म्हणून पुढे ठेवावे, असे म्हणता येणार नाही. ते संत नव्हते. इतकी वर्षे एका कामाला वाहून घेताना जवळच्या माणसांच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार वाचकांनीही करावा. पण प्रेमकथेच्या गर्दीत त्यांच्या कामाची कथा मागे पडली आहे, आणि आज आपल्याला तीच सांगायची आहे.

1856 च्याच सुमारास गिल यांनी कॅमेरा हाती घेतला. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या पुढे होते आणि छायाचित्रणाची कला जेमतेम सतरा वर्षांची होती. यंत्र आले, आता कुंचल्याचे काय काम, असा विचार करून ते बाजूला झाले नाहीत. यंत्राच्या विरोधातही उभे राहिले नाहीत. काचेच्या पट्ट्या, रसायने, अंधारखोली हे सारे ते शिकले. कॅमेऱ्याला रंग टिपता येत नव्हते, पण खांब, कमानी आणि शिल्पे तो कुंचल्यापेक्षा लवकर टिपत होता. ज्याचे काम त्याला, अशी वाटणी त्यांनी केली. 1864 साली फर्ग्युसन यांच्या लेखनासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनला प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक पश्चिम भारतातल्या लेण्यांवर होते.

गिल यांची चित्रे लंडनला पोहोचली होती. त्यातली बहुतेक सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेस या लोखंड आणि काचेच्या भव्य इमारतीत लोकांना पाहण्यासाठी लावली होती. 30 डिसेंबर 1866 रोजी त्या इमारतीच्या एका भागाला आग लागली. दोन दशकांची मेहनत काही तासांत राख झाली. आधीच दुसरीकडे असलेली चार-पाच चित्रे तेवढी वाचली.

सुएझ कालवा तेव्हा उघडला नव्हता. ही बातमी हजारो मैलांवरून अजिंठ्यापर्यंत आली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचे होते. थांबायला त्यांच्याकडे भरपूर कारणे होती. वय झाले होते. ज्या कंपनीने काम दिले होते तिचे राज्य 1858 सालीच संपले होते. आणि चूक त्यांची नव्हती. नेमून दिलेले काम त्यांनी पूर्ण करून पाठवले होते. त्या दिवशी त्यांनी रंगांची पेटी बंद केली असती, तर कोणीही बोट दाखवले नसते.

गिल पुन्हा लेण्यांत गेले आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चित्रे उतरवायला घेतली. हे काम ते शेवटपर्यंत करत राहिले. 1879 च्या एप्रिलमध्ये भुसावळ येथे त्यांचे निधन झाले आणि तिथेच त्यांना माती देण्यात आली. दुसऱ्या खेपेचे काम पहिल्याइतके मोठे होणे शक्य नव्हते. जग ज्याला यश म्हणते ते गिल यांच्या वाट्याला आले नाही.

मग त्यांनी काय मिळवले? याचे उत्तर त्यांच्या पश्चात हळूहळू दिसू लागते. ते हयात असतानाच, 1872 साली, मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला आले. तेरा वर्षे हे काम चालले आणि सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. ती लंडनला गेली आणि 1885 साली तिथल्या आगीत त्यांतली शंभरावर पुन्हा जळाली! पण या वेळी जे उरले त्यातून ग्रिफिथ्स यांनी 1896–97 मध्ये दोन मोठे छापील ग्रंथ काढले. छापील प्रती जगभर गेल्या. आता एका आगीने सारे संपणार नव्हते. त्या ग्रंथांत छतांवरच्या वेली, फुले, चौकटी यांचे नमुने होते. नक्षीकामाच्या विद्यार्थ्यांना ते फार उपयोगी पडले. पुढे 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस नावाचा तरुण चित्रकार अजिंठ्याला येऊन प्रती करून गेला. याच नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची पाने सजवली. अजिंठ्याची रेषा जपण्याचे हे काम एकाकडून दुसऱ्याकडे असे पोहोचत गेले, आणि त्याची सुरुवात गिल यांच्यापासून झाली.

आता पुन्हा आपल्या तरुणांच्या प्रश्नाकडे येऊ. गिल टिकून राहिले म्हणून प्रत्येकाने टिकून राहावे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. गिल यांना सरकारी पगार होता. ज्याच्यावर घरभाडे, आईचे औषधपाणी आणि धाकट्या भावंडांची फी आहे, त्याने दुसरी नोकरी धरली तर तो हरला असे नाही. काम सोडणे म्हणजे पाप नव्हे. गिल यांनीही पलटणीतले आयुष्य सोडलेच होते.

मात्र निर्णय घेताना प्रश्न नीट विचारला पाहिजे. माझे काम नाकारले गेले, माझी मेहनत वाया गेली, कोणी नाव घेत नाही, या गोष्टींनी मन खचते हे खरे. पण त्या सगळ्या झालेल्या कामाविषयीच्या गोष्टी आहेत. पुढचे काम शिल्लक आहे का, ते करण्यासारखे आहे का, आणि ते मला करता येते का, हा प्रश्न वेगळा आहे. लंडनला आग लागली तेव्हा गिल यांच्या प्रती जळाल्या, पण अजिंठ्याची भिंत जागेवर होती आणि तिच्यावरचे रंग रोज थोडे थोडे झडत होते. म्हणजे काम शिल्लक होते. त्यांनी राखेचा हिशेब न करता भिंतीकडे पाहिले.

तेव्हा सोडायचे असेल तर आपली भिंतच उरली नाही म्हणून सोडावे, थकवा आला म्हणून नव्हे. थकवा आला असेल तर आधी विश्रांती घ्यावी, घरच्यांशी, जाणत्यांशी बोलावे, हवे तर पोटापाण्यासाठी दुसरे काम धरून रोज तासभर तरी हात चालू ठेवावा. नवे यंत्र आले असेल तर गिल यांच्याप्रमाणे ते शिकून घ्यावे आणि कोणते काम यंत्राचे, कोणते आपल्या हाताचे, हे स्वतः ठरवावे. केलेल्या कामाच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवाव्यात, हेही अजिंठ्याच्या त्या दोन आगींनी शिकवले आहे. आणि आम्हा वडीलधाऱ्यांनी मुलांना महिन्याला किती मिळतात एवढेच न विचारता, सध्या काय काढतो आहेस, दाखव पाहू, असेही कधी म्हणावे.

अजिंठ्याला वळसा घालून निघालेली वाघूर पुढे आपल्याच जिल्ह्यात येते, आणि जळगाव शहर तिच्याच धरणाचे पाणी पिते. येत्या 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावू, तेव्हा भुसावळच्या त्या जुन्या कबरीसाठीही एक छोटी प्रार्थना करू या. आणि ज्या तरुण हातांना सध्या काम नकोसे झाले आहे, त्यांना योग्य निर्णयाची बुद्धी आणि बळ मिळो, हेही त्याच प्रार्थनेत मागू या.