स्टान्स येथील पोरक्यांचे बाप: पेस्टालॉझी

जोहान हाइन्रिख पेस्टालॉझी हे थोर शिक्षणशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु भेदरलेल्या बालमनांस त्यांनीं कसा धीर दिला, ही हकीकत आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून ती आम्ही येथें देतों.

त्यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील झुरिक शहरीं १२ जानेवारी १७४६ रोजीं झाला. ते पांच वर्षांचे असतांना त्यांचे वडील वारले. पोरकेपण म्हणजे काय, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. १७७४ सालीं त्यांनीं नॉयहोफ येथील आपल्या शेतावर गरीब मुलांस आश्रय दिला. परंतु पैसा सरून १७८० मध्यें तें काम बंद पडलें.

सप्टेंबर १७९८ मध्यें फ्रेंच सैन्यानें निडवाल्डन या डोंगराळ प्रांतावर हल्ला केला. सुमारें ४०० रहिवासी मारले गेले, घरें जळालीं, आणि पुष्कळ मुलें उघडीं पडलीं. तेव्हां नव्या स्विस सरकारनें पेस्टालॉझी यांस तेथील स्टान्स गांवीं पाठविलें. जानेवारी १७९९ मध्यें एका मठाच्या इमारतींत अनाथालय उघडलें, व लवकरच मुलांची संख्या ८० च्या घरांत गेली. त्यांच्या अंगावर खरूज व उवा होत्या. कित्येक भयानें गप्प, तर कित्येक संशयी व उद्धट झालीं होतीं. शिवाय प्रांत रोमन कॅथलिक, आणि पेस्टालॉझी प्रॉटेस्टंट व सरकारचे मनुष्य. त्यामुळें आप्तांचाही त्यांजवर विश्वास नव्हता.

अशा मुलांस आरंभींच उपदेश करून उपयोग नाहीं, हें त्यांनीं ओळखिलें. मदतीला एक घरकाम करणारी बाई, एवढेंच. ते मुलांबरोबर जेवीत, त्यांचीं दुखणीं काढीत व त्यांच्यांतच निजत. रात्रीं सर्वांमागून ते अंग टाकीत, सकाळीं सर्वांआधीं उठत. आणि मुलांचा डोळा लागेपर्यंत त्यांच्याशीं बोलत व प्रार्थना करीत.

हळूहळू भय ओसरलें. एप्रिल १७९९ मध्यें शेजारच्या प्रांतांतील आल्टडोर्फ गांव जळून गेलें. तेथील विसेक पोरक्या मुलांस आपल्यांत घ्यावें काय, असें पेस्टालॉझी यांनीं मुलांस विचारिलें. घेतल्यास अन्न कमी मिळेल, काम वाढेल व कपडेही वांटून घ्यावे लागतील, हेंही सांगितलें. मुलांनीं आनंदानें होकार दिला. जीं कोणावर विश्वास टाकीत नव्हतीं, तींच आतां परक्यासाठीं आपला घांस देण्यास सिद्ध झालीं! मन बरें होत असल्याची याहून मोठी खूण कोणती?

जून १७९९ मध्यें फ्रेंच सैन्यास रुग्णालयासाठीं ती इमारत हवी झाली व अनाथालय बंद पडलें. पेस्टालॉझी यांची प्रकृति ढासळली होती. तरी या पांच महिन्यांचा धडा त्यांनीं पुढें बुर्गडोर्फ व इव्हर्डन येथील शाळांत चालविला. १७ फेब्रुवारी १८२७ रोजीं ब्रुग येथें ते निवर्तले.

आज मुलांच्या मनाचें दुखणें जाणणारे शिकलेले समुपदेशक आहेत. ते जेथें मिळतील तेथें त्यांचें साह्य अवश्य घ्यावें. परंतु खेड्यांतील शोकग्रस्त मुलाजवळ प्रथम शिक्षक किंवा शेजारीच असतो. त्यानें प्रश्नांचा भडिमार करूं नये. मुलास जेवूं घालावें, जवळ बसावें, आणि दिलेला शब्द पाळून दुसऱ्या दिवशींही यावें. बंधुभगिनींनो, एवढें तर आपल्या हातीं आहेच.