शेताच्या वाटेवरील बहिणाबाई

आपल्या बुऱ्हाणपुराजवळून वाहणारी तापी पश्चिमेस जाऊन खानदेशात शिरते. तिकडेही हीच काळी जमीन, हीच कपाशी, ह्याच काठावरच्या बाभळी. त्या खानदेशात, जळगावजवळील असोदे गावी, महाजनांच्या घरी १८८० साली बहिणाबाईंचा जन्म झाला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अक्षरओळख त्यांस अखेरपर्यंत नव्हती.

तिशीतच त्यांच्यावर वैधव्य ओढवले. पदरी ओंकार, सोपानदेव व काशी ही तीन मुले होती. त्यांतील ओंकारास प्लेगच्या आजाराने कायमचे अपंगत्व आले. घर आणि शेत दोन्ही सांभाळणे भाग होते.

आपण शहरवासी प्रकृतीसाठी सकाळ-संध्याकाळ फिरावयास जातो. बहिणाबाईंच्या आयुष्यात असल्या फिरण्यास जागा कुठली! घर ते शेत आणि शेत ते घर, एवढीच त्यांची रोजची वाट. परंतु एकच वाट वर्षानुवर्षे तुडविणाऱ्या माणसाची नजर बहुधा बोथट होते. त्यांची मात्र झाली नाही. लाल फळांनी लगडलेला हिरवा वड पाहून त्यांस त्यावर पोपटांचेच पीक आल्यासारखे भासले. हे सुचावयास वडाखाली क्षणभर तरी थांबावे लागते, आणि कामाच्या घाईतही त्या थांबत असत.

सुगरणीच्या खोप्यावरील त्यांचे गाणे आपणां सर्वांस ठाऊक आहे. इवल्याशा चोचीने विणलेले ते लोंबते घर त्यांनी किती बारकाईने न्याहाळले होते! पक्षिशास्त्र सांगते की, खोपा विणतो तो नर. गवताचे व पात्यांचे लांब तंतू चिरून आणून तो घर अर्धे विणतो. मादी येऊन पारख करते, आणि पसंत पडले तरच तो ते पुरे करतो. पसंत न पडल्यास अर्धवट खोपा तसाच लोंबत राहतो. बहिणाबाईंनी हे श्रेय सुगरणीस व तिच्या मातृप्रेमास दिले आहे. आम्हांस त्यात उणेपणा दिसत नाही. पिलांसाठी राबणारी एकटी आई त्यांच्याइतकी कोणास कळणार? पावसाळ्यात तापीकाठी गेलात तर विणणारा पक्षी पिवळ्या डोक्याचा आहे का, हे मात्र आपण स्वतः पाहावे.

त्यांची गाणी त्यांच्या घरच्या बोलीत आहेत. आमची मायबोली कोकणी. आम्ही ज्यास दांतें म्हणतो, त्या जात्यास बहिणाबाई घरोट म्हणतात. असे शब्द आम्हांस आमच्या विद्यार्थ्यांनीच समजावून दिले, आणि त्यांच्या घरांतून ते अजून बोलले जातात, हे ऐकून फार आनंद झाला.

दळताना, शेतात राबताना त्या गात. सोपानदेव व त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी त्यांतील काही गाणी टिपून ठेवीत. सोपानदेव स्वतः कवी. तरीही आईची ही गाणी जगापुढे ठेवण्यास ते संकोचत होते. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई जळगावी निवर्तल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्रे यांस दाखविले. अत्रे हरखून गेले. त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. पुढे २०१८ साली जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले.

आपले नाव छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आणि जी गाणी कोणी टिपून घेतली नाहीत, ती घरोटाच्या घरघरीबरोबरच विरून गेली.