बालकथाकाराचे लाजरे बालपण

कुरूप बदकाच्या पिलाची किंवा राजाच्या नव्या पोशाखाची गोष्ट ज्याने ऐकलेली नाही असा सुशिक्षित मराठी माणूस विरळाच. परंतु या गोष्टी आजीच्या तोंडून आलेल्या नसून एका लेखकाने लिहून काढलेल्या आहेत, याचे स्मरण फार थोड्यांना असते. आपले लेखन इतके लोकांचे व्हावे की आपले नावही मागे पडावे, यात हान्स ख्रिश्चन अँडरसनला समाधान वाटले असते असे मात्र म्हणवत नाही. त्याला कीर्तीची विलक्षण हाव होती. आणि ती नाटककार, कवी व कादंबरीकार म्हणून हवी होती.

डेन्मार्कमधील ओडेन्स या गावी २ एप्रिल १८०५ रोजी त्याचा जन्म झाला. वडील जोडे शिवीत, आई पुढे लोकांचे कपडे धुऊन पोट भरी. वडिलांना वाचनाचा नाद होता; अरबी सुरस कथा ते मुलाला वाचून दाखवीत आणि त्याच्यासाठी त्यांनी बाहुल्यांचे रंगमंचही तयार केले होते. मुलगा गल्लीतल्या पोरांत मिसळत नसे. परसातल्या एकुलत्या एका झुडपापाशी झाडूच्या दांड्यावर आईचा ॲप्रन ताणून तो त्याखाली तासन्‌तास पाने न्याहाळीत बसे. कित्येकदा तो डोळे मिटूनच वावरे. त्यामुळे त्याची दृष्टी अधू असावी असा लोकांचा समज झाला होता. आजोबांना वेड लागले होते आणि रस्त्यातली पोरे त्यांची टर उडवीत. ते दृश्य पाहून हा नातू जिन्याआड लपला, कारण आपणही त्याच रक्ताचे आहोत ही भीती त्याच्या मनात घर करून होती.

आजी वेड्यांच्या इस्पितळातील बागेची देखभाल करी. तिच्याबरोबर गेले की तेथील सूत कातणाऱ्या गोरगरीब म्हाताऱ्यांच्या खोलीत तो रमे. दारावर खडूने काळीज व फुप्फुसे यांची चित्रे काढून तो त्यांना मनाला येईल ते शरीरशास्त्र ऐकवी आणि त्या मोबदल्यात म्हाताऱ्या त्याला गोष्टी सांगत. लाजाळू मुलाला बोलते करणारी अशी जागा सर्वांनाच लाभते असे नाही.

वडील १८१६ मध्ये वारले. कापडाच्या कारखान्यात धाडले तर तेथील कामगारांनी त्याच्या बारीक आवाजावरून त्याची क्रूर थट्टा केली. अखेर १८१९ च्या सप्टेंबरात, चौदाव्या वर्षी, तो एकटाच कोपनहेगनला नट होण्यासाठी निघाला. तेथे आवाज फुटला आणि गाणे संपले; नृत्य जमेना, नाटके परत आली. परंतु राजनाट्यगृहाचे एक संचालक योनास कोलिन यांनी राजाच्या निधीतून त्याच्या शिक्षणाची सोय केली. सतरा वर्षांचा हा उंच, लटपटणारा तरुण स्लागेल्सेच्या शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांशेजारी बसला. मुख्याध्यापक मायस्लिंग विद्वान होते, पण त्याचा पाणउतारा करण्याची एकही संधी ते सोडीत नसत. कविता लिहिण्यासही त्याला मनाई होती. या शाळेची दुःस्वप्ने त्याला म्हातारपणीही पडत. या शिक्षणावाचून तो लेखक झाला नसता, हे खरे आहे. मात्र त्याच्या गोष्टींची भाषा त्या वर्गात घडलेली नाही, हेही तितकेच खरे.

ती भाषा कोठली, हे १८३५ च्या मे महिन्यात दिसून आले. इटलीच्या प्रवासावर आधारलेली त्याची कादंबरी नुकतीच गाजू लागली होती. पाठोपाठ अवघ्या चार गोष्टींची एक लहानशी पुस्तिका निघाली. त्यांतील तीन बालपणी ऐकलेल्या, एक स्वतःची. टीकाकारांना ती रुचली नाही. लिहिण्याची रीत सोडून लेखक बोलतो तसे लिहितो आणि मुलांना काही बोध देत नाही, असे दोन ठपके ठेवण्यात आले. आज हेच दोन दोष त्याचे गुण ठरले आहेत. एर्स्टेड या शास्त्रज्ञाने मात्र त्याच वेळी भाकीत केले की कादंबरीने अँडरसन प्रसिद्ध होईल, पण या गोष्टी त्याला अमर करतील. विजेचा चुंबकसूचीवरील परिणाम शोधणाऱ्या या पुरुषाची दृष्टी साहित्यातही अचूक ठरावी, याची गंमत वाटते. खुद्द लेखकाचा त्यावर विश्वास बसण्यास काही काळ लागला.

पुढे त्याने दीडशेहून अधिक कथा लिहिल्या. मुलांना गोष्ट सांगावी आणि शेजारी बसलेल्या आईबापांना विचार करावयास लावावे, ही त्याची भूमिका होती. म्हणूनच १८४३ पासूनच्या संग्रहांच्या नावातून मुलांसाठी हे शब्द त्याने वगळले. त्याने लग्न केले नाही, स्वतःचे घर केले नाही. १८६७ मध्ये ओडेन्सने त्याला सन्माननीय नागरिक केले आणि त्याच्यासाठी सारे गाव दिव्यांनी उजळले. या सोहळ्यात हा माणूस दातदुखीने हैराण झाला होता!

मृत्यूपूर्वी काही महिने शिल्पकार सोबी यांनी त्याच्या पुतळ्याचा आराखडा दाखविला. त्यात भोवती मुलांची दाटी होती. अँडरसन संतापला. आपण गोष्ट वाचीत असताना पाठीशी वा अंगाला खेटून कोणी बसलेले आपल्याला खपत नाही, आणि आपण केवळ मुलांचे लेखक नव्हे, असे त्याने बजावले. ४ ऑगस्ट १८७५ रोजी तो वारला. कोपनहेगनच्या राजोद्यानात १८८० मध्ये बसविलेल्या पुतळ्यात हातात पुस्तक घेऊन तो एकटाच बसला आहे. दुसरा हात गोष्ट सांगताना पुढे करावा तसा पुढे आहे.