डॉ. आनंदीबाई जोशी

गेल्या सत्रात आम्ही मोठ्या गटाला एक गाळलेली जागा भरायला दिली होती. 'डॉक्टर घरी' एवढे लिहून क्रियापद मोकळे ठेवले होते. झाडून सगळ्यांनी 'आला' लिहिले, मुलींनीसुद्धा! व्याकरण बरोबरच होते, पण वर्गातल्या दोघींच्या आया डॉक्टर आहेत. म्हणून या अंकात आनंदीबाई.

जन्म ३१ मार्च १८६५चा, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झाले आणि यमुनाची आनंदी झाली. नवरा गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचे त्यांना वेड होते. अभ्यास सोडून स्वयंपाक करताना दिसली, तर ते तिला मारतसुद्धा. हे सांगितले तेव्हा वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारले, शिकायचे नक्की कोणाला होते, आनंदीला की गोपाळरावांना?

आम्हीही जरा अडखळलो. उत्तर पुढच्या घटनेत असावे. चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळालेच नाहीत. त्या काळी बायका पुरुष डॉक्टरपुढे जायला संकोचत आणि बाई डॉक्टर क्वचितच भेटे. आपण डॉक्टर व्हायचे, हे तिच्या मनाने तेव्हा घेतले.

फेब्रुवारी १८८३मध्ये तिने बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत, इंग्रजीतून, आपण अमेरिकेला का जाणार ते सांगितले. एप्रिलमध्ये, नवरा बरोबर नसताना, ती कोलकत्त्याहून बोटीने निघाली. वय अठरा! फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात तिने नाव घातले. लुगडे आणि शाकाहार सोडला नाही. खोलीतली शेगडी इतकी धुरकटायची की धूर सोसा नाहीतर थंडी. तब्येत ढासळली, तरी ११ मार्च १८८६ला ती एम. डी. झाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली होती. पण क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

आता आपल्या ऑस्ट्रेलियाची गोष्ट. होबार्टला जन्मलेली कॉन्स्टन्स स्टोन १८८४मध्ये त्याच फिलाडेल्फियाच्या कॉलेजात शिकायला गेली, कारण मेलबर्न विद्यापीठ तेव्हा मुलींना डॉक्टरकी शिकवत नव्हते. पुढे कॅनडात पदवी घेऊन ती परतली आणि १८९०मध्ये ऑस्ट्रेलियात नोंदणी झालेली पहिली स्त्री डॉक्टर ठरली. १८९६मध्ये तिने मैत्रिणींबरोबर मेलबर्नमध्ये बायकांसाठी दवाखाना काढला. त्याचेच क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटल झाले. १९०२मध्ये तीही क्षयानेच गेली. हॉस्पिटल नंतर लॉन्सडेल स्ट्रीटवर आले. तिथली एक जुनी इमारत अजून उभी आहे. सुट्टीत मेलबर्नला गेलात, तर आईबाबांना दाखवायला सांगा.